बाईला निजवायचं राहिलं

गोठ्यापाशी आली की बाई थांबायची. एक पाय उचललेला, डोईवर तांबडा रुमाल, मागं आकाश नारिंगी झालेलं. तसंच सगळं थिजायचं. गाय थिजायची, धुराड्यातला धूर थिजायचा, आणि खेळात संध्याकाळी रातकिडे किरकिरतात त्यांचा एकच सूर लांब ओढला जायचा. कर्रर्रर्र. कुणी बिजागरीत दार अडकवून ठेवलंय आणि सोडत नाही, असा. माऊस सरकवला तरी बाण हलत नसे. बटणं दाबून काही होत नसे. मग मी खाली वाकून भिंतीतला प्लग ओढायचो. सूर तुटायचा. त्यानंतर खोलीत जी शांतता व्हायची ती मला त्या सुरापेक्षा वाईट वाटायची.

हे वर्षभर चाललं. घरची, माझी बायको, गेली तेव्हापासून.

मी शिकलेला नाही. चार इयत्ता, त्याही तमिळीत. ही अक्षरं भजनमठात पोथी बघून बघून आली, तेव्हा चुका असतील त्या असोत. जन्मभर इथं कुंभकोणात एका कॉफीपूडच्या दुकानात बिया भाजल्या आणि दळल्या. आमची मराठी पुण्याकडच्या माणसानं ऐकली तर तो हसतो, आजोबा कुठल्या राजाच्या काळातले म्हणतो. हसू दे. घरात आम्ही दोघं तीच बोलत होतो. दाराबाहेर पाय टाकला की तमिळ, आत आलो की ही. आता आत आलो तरी बोलायला कुणी नाही, म्हणून लिहितो.

कंप्यूटर आमच्या लेकीचा. ती नोकरीला चेन्नैला गेली, तिथंच लग्न झालं, कंप्यूटर इथं राहिला. त्यात शेतीचा एक खेळ होता. एका सुट्टीत आली असता तिनं आपल्या अम्मेला शिकवला, दुपारचा वेळ जाईल म्हणून. इंग्रजी अक्षर अम्मेला येत नव्हतं, मलाही येत नाही. चित्रं बघून चालतं. एक छोटी बाई असते. तिला घर, विहीर, गोठा, वावराचा तुकडा. तिनं नांगरायचं, पेरायचं, पाणी घालायचं.

घरचीचं माहेर चोळपुरमचं. बापाचं रान होतं, ते भावांनी विकलं. माझ्या घरात आली तेव्हा अंगणसुद्धा नाही, मागं मोरी आणि तुळशीची कुंडी. त्या कुंडीवर तिनं अख्खा जन्म काढला. मग म्हातारपणी तिला हे वावर मिळालं, काचेच्या आतलं. जेवणं झाली, भांडी झाली, की ती पदर खोचून कंप्यूटरपुढं बसायची. खरोखरच पदर खोचून, जशी चिखलात उतरणार आहे. मी दुकानातून घरी आलो की कॉफी देता देता सांगायची, आज वांगी आली, आज पाणी घालायला विसरलें, गाय रुसली.

"त्या वांग्यांचं भरीत कधी घालणार?" मी म्हणायचो.

"आधी तुमच्या दुकानच्या पुडीत चिकोरी किती घालतां तें सांगा, मग माझ्या वांग्यांवर बोला."

असं आमचं चालायचं.

त्या खेळाच्या दोन रीती सांगितल्या पाहिजेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. एक, तो खेळ मधेच काही लक्षात ठेवत नाही. बाई दिवसभर राबून रात्री आपल्या खाटेवर निजली की मग तो दिवस पक्का होतो. त्याच्या आधी कंप्यूटर बंद पडला तर दिवस फुकट, पुन्हा त्याच सकाळी बाई दारात उभी. दुसरं, ऋतू संपला की एका रात्रीत थंडी पडते आणि वावरात जे उभं असेल ते सगळं मरतं.

त्या दुपारी ती खेळत होती. मी घरीच होतो, सोप्यावर आडवा. तिनं हाक मारली. "ऐकलांत कां? छातीत कसं तरी होतंय. ऑटो आणा." आवाज नेहमीचाच. मी ऑटो आणला तेव्हा ती लुगडं बदलून तयार. पायऱ्या आपली आपण उतरली. ऑटोत बसताना म्हणाली, "तें बंद करूं नका हां. आज ऋतू संपतोय. भोपळे काढायचे आहेत."

आस्पत्रीत तोंडावर मुखवटा लावला होता. तो तिनं बोटानं बाजूला केला आणि मला जवळ बोलावलं. "घरीं गेलांत कीं भोपळे काढा. मग तिला निजवा. विसरूं नका, नाहीतर दिवस फुकट जाईल."

"बरं," मी म्हटलं.

पुढं लोक विचारत, शेवटी देवाचं नाव घेतलं का? नाही घेतलं. भोपळे म्हणाली.

मी घरी परतलो तो तिला घेऊनच. कंप्यूटरची काच काळी होती. संध्याकाळी आमच्या गल्लीतला करंट गेला होता आणि यूपीएसची बॅटरी कधीची मेलेली. तिचा तो दिवस गेला तो गेला.

आमच्यात जिथं जीव जातो तिथं दिवा ठेवतात. ती गेली आस्पत्रीत, तिथं कोण ठेवू देणार? भटजींना विचारलं. ते म्हणाले, घरात जास्त कुठं बसायच्या तिथं ठेवा.

"कंप्यूटरपाशी," मी म्हटलं.

त्यांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "ठेवा."

कामाक्षी दिवा होता घरात, लग्नातला, पितळेचा. टेबलावर ठेवला तर पंख्यानं विझायचा. दिवस उन्हाळ्याचे, पंखा बंद करून बसलेले चार नातेवाईक घामानं मेले असते. मग मला जागा सापडली. कंप्यूटरच्या टेबलाला खाली एक कप्पा असतो, लाकडाची पेटीच म्हणा, त्यात तो मोठा डबा ठेवतात ज्यात सगळं यंत्र असतं. डब्याच्या बाजूला वीतभर जागा होती. आडोशाची. तिथं दिवा ठेवला, ज्योत हलेना. मला फार बरं वाटलं. वरती टेबलावर तिची तसबीर, तिला झेंडूची माळ.

दिवसकार्य झालं. लोक गेले. दिवा काढायचा असतो, मी काढला नाही. संध्याकाळी तेल घालायचो, वात लावायचो, शेजारी धूप, म्हणजे इकडची सांब्राणी, घमघमीत. मग खुर्ची ओढून कंप्यूटर चालू करायचो.

पहिल्या दिवशी बाई दारात दिसली. तीच सकाळ. पक्षी ओरडत होते. वावरात भोपळे, तांबडे, मोठे. घरचीनं लावलेले. मला खेळता येत नव्हतं. बाईला विहिरीवर न्यायचं तर ती कुंपणाला धडकायची. पण शिकलो. भोपळे काढायचे, पेटीत टाकायचे, गाईला चारा, मग घर, मग खाट. तिनं सांगितलेलं एवढंच काम. ते मला करायचं होतं आणि दुसरं काही करायचं नव्हतं.

भोपळे निघाले. ऊन कललं. बाई गोठ्याकडं निघाली आणि एक पाय वर करून थिजली.

मी बराच वेळ बसून राहिलो. वाटलं दमली असेल. मग प्लग ओढला. पुन्हा लावला. पुन्हा तीच सकाळ, आणि भोपळे पुन्हा वेलीवर.

लेकीला फोन केला. तिनं फोनवरूनच सगळं करून बघितलं.

"अप्पा, सांगते ती तीन बटणं एकदम दाबा."

"दाबली."

"काय दिसतं?"

"तीच. एक पाय वर."

"काहीच बदललं नाही?"

"रातकिडा ओरडतोय. ऐक." मी फोन कंप्यूटरजवळ धरला.

"अप्पा, बंद करा तो आवाज, अंगावर काटा येतो."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, जागा कमी असेल, माझं कॉलेजचं सगळं पुसून टाका. ती सांगत गेली, मी पुसत गेलो. तिची चार वर्षं एका दुपारी पुसली. पुन्हा थिजली. मग म्हणाली चित्राचा दर्जा कमी करा, यंत्राला ओझं होत असेल. केला. बाईचं तोंड गेलं. डोळे नाहीत, ओठ नाहीत, रुमालाखाली नुसता भाकरीएवढा ठिपका. तो ठिपका वावरात फिरायला लागला तेव्हा मी खुर्ची मागं सारली. लेकीला म्हटलं, हे आधी होतं तसं कर, नाहीतर मी काच फोडीन.

"अप्पा, तुम्हाला दुसरा खेळ घालून देऊ का? बुद्धिबळ?"

"मला खेळायचं नाही."

"मग काय करायचंय?"

"तिला निजवायचंय. तुझी अम्मा सांगून गेलीय."

 तिनं फोन ठेवला.

असे महिने गेले. रोज तीच सकाळ. विहिरीवर पहिल्यांदा कावळा बसतो, मग उडतो. गाय दोनदा मान हलवते. मला पाठ झालं. आणि हळूहळू माझ्या ध्यानात आलं की ही थिजण्याची जागा सरकते आहे. सकाळी, आंघोळ करून कंप्यूटर लावला, तर बाई गोठ्याच्या पार पलीकडं जायची, घराच्या पायरीपर्यंत. संध्याकाळी, दिवा लावून बसलो, की गोठासुद्धा येत नसे. दिवसेंदिवस अलीकडं. गोठ्यावरून वावरात आली, वावरातून विहिरीवर. एका अमावास्येला मी घरभर सांब्राणी केली, तिच्यापुढं जास्त घातली, डोळे चुरचुरेपर्यंत. त्या दिवशी बाई दारातून पाऊल टाकायच्या आधीच थिजली. कावळा अर्धा उडालेला.

मला भीती वाटायला लागली. मी भित्रा नाही. पण दिवा लागला की हिला कळतं, असं माझ्या मनानं घेतलं. दिवा लागला की ही गळा आवळल्यासारखी होते. काचेवर रंग फुटायचे. बाईचा अर्धा चेहरा जागेवर आणि अर्धा हातभर बाजूला. मी वर तसबिरीकडं बघायचो. झेंडूची माळ सुकून काळी पडली होती. पालीचा एक जोड त्या टेबलामागं राहायचा, दिव्यावरचे किडे खायला. त्यातली एकच दिसायला लागली.

भजनमठात एक म्हातारी येते, आडुतुरैहून, माझ्यापेक्षा वडील. सगळे तिला अत्या म्हणतात. तिला मी सांगितलं. कंप्यूटरचं सांगितलं नाही, ते तिला काय कळणार. एवढंच सांगितलं की घरचीचं एक काम राहिलंय आणि काहीतरी ते होऊ देत नाही.

अत्या म्हणाली, "अडकलीय ती. उजेड कमी पडतोय तिला. दिवा फक्त संध्याकाळी लावतोस ना?"

"होय."

"कद्रू मेला! अखंड लाव. दिवसरात्र. बायकोसाठी तेल जळतंय तर जळू दे की."

मला पटलं. मोठी वात केली, तेल रात्री दोनदा उठून घालायचो. दिवा चोवीस तास जळायला लागला, त्या कप्प्यात, डब्याला चिकटून. मी त्याच खोलीत अंथरूण टाकायचो, म्हणजे वात काढायला उठता येईल.

आणि खेळ आणखी बिघडला. आता बाई दिसतच नव्हती. काच निळी व्हायची, मग काळी, आणि डब्यातून टक्, टक् असा आवाज. कुणी आतून नखानं ठोकल्यासारखा. शेजारीण भिंतीपलीकडून, वडीलधाऱ्याला हाक मारतात तशी, म्हणाली, "पेरियवरे, तुमच्याकडं काही करपतंय का?" मी म्हटलं नाही. मला काही वास येत नव्हता. माझं नाक कॉफीनं कधीच मारलं. भाजणीच्या यंत्रापुढं उभं राहून राहून मला आता सांब्राणीसुद्धा डोळ्यांनी कळते.

वर्षश्राद्ध जवळ आलं. लेकीचा फोन आला, "अप्पा, मी येते तेव्हा ते भूत घराबाहेर काढणार आहे."

"तुझी अम्मा भूत नव्हे."

"मी कंप्यूटरला म्हणतेय."

"मीही कंप्यूटरलाच म्हणतोय."

पण मनात आलं, ही आली की उचलून टाकील. त्याच्या आत व्हायला पाहिजे. आणि दुसऱ्या दिवशी कंप्यूटर लागेचना. प्लग काढला, घातला, थापट्या मारल्या. काच काळी ती काळीच.  तिचा दिवस आतच राहिला, आणि आता दारही बंद.

महामहम तळ्याच्या बाजूला कंप्यूटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या माणसाला घरी बोलावून आणलं. चाळिशीचा, कपाळाला भस्म, पाठीला पिशवी. बोलणं तमिळीत. मी त्याला तंबी म्हटलं, म्हणजे धाकट्या भावा, तो मला मानानं ऐया म्हणत होता. काय होतं ते सांगितलं: थिजते, रंग फुटतात, टक् टक्. तो मान हलवत होता. मग गुडघ्यावर बसून त्यानं कप्प्यात डोकावलं.

"ऐया. हे काय आहे?"

"दिवा."

"तो दिसतोय. इथं कुणासाठी?"

"बायकोसाठी."

 त्यानं दोन्ही हातांनी दिवा हळूच बाहेर काढून माझ्या हातात दिला. "धरा. विझवत नाही मी. धरून उभे राहा." मी धरून उभा राहिलो. त्यानं कप्प्याच्या वरच्या फळीला आतून बोट लावलं. बोट आत गेलं. लाकूड नव्हतंच ते, कोळसा होता. त्यानं ओढलं तसा भाजलेल्या पापडासारखा तुकडा हातात आला. मागच्या वायरी वितळून एकमेकींना चिकटलेल्या.

"ऐया, तुम्ही झोपता कुठं?"

मी पायानं अंथरुणाची गुंडाळी दाखवली. दोन हातांवर होती.

"मुरुगा," त्यानं देवाचं नाव घेतलं.

डबा त्यानं मागं मोरीपाशी नेला आणि उघडला. आत सगळं काळं. धूळ नव्हे, तेलकट, जाड, मऊ काळं. पंख्याची पाती एकमेकांना चिकटून लोळा झालेली, आणि त्यात ती दुसरी पाल, वाळून चामडं झालेली. मी दिवा घेऊन तिथंच उभा होतो. बघता बघता ओळखलं. काजळ होतं ते. लेक तान्ही असताना घरची असंच धरायची. दिव्यावर पितळी ताटली उपडी घालायची, रात्रभर ठेवायची, सकाळी बोटानं काढून पोरीच्या डोळ्यात. तिची ताटली होती, मी अख्खा कंप्यूटर उपडा घातला होता. वर्षभर.

"हा पंखा हवा आत ओढतो, ऐया, यंत्र गार ठेवायला. तुम्ही त्याला जाळ आणि धूर पाजलात. यंत्र तापतं, तापलं की थिजतं. सकाळी दिवा थंड, म्हणून जरा जास्त चालायचं."

"पुढं अखंड ठेवला होता," मी म्हटलं.

"कुणी सांगितलं?"

"मठातल्या अत्यानं."

"त्या अत्यांना एकदा माझ्या दुकानात घेऊन या. मला गिऱ्हाइकं मिळतील."

त्यानं जुन्या दातब्रशानं घासलं, पंखा नवा घातला, वायरी बदलल्या. मोरीतून काळं पाणी तुळशीपर्यंत गेलं. मग डबा टेबलावर उघड्यावर ठेवून चालू केला. लागला. पण टक् टक् गेलं नाही.

"ही डिस्क. सगळं हिच्यात असतं. हिला दिव्यानं मारलं नाही, तुम्ही प्लग ओढून ओढून मारलंत. आज आहे, उद्या असेलच असं नाही. काय वाचवायचं ते सांगा, पेनड्राइव्हवर घालून देतो."

मी सांगितलं. बायकोचा दिवस. त्यानं शोधलं. एवढीशी गोष्ट निघाली, म्हणाला फोटोच्या एका कोपऱ्याएवढी. "ही कॉपी केली की झालं, ऐया. मग कितीही वेळा खेळा. बाई निजली तरी हरकत नाही, ही परत घातली की पुन्हा तीच सकाळ. कायमची."

मी लेकीला फोन लावला, त्याच्यासमोरच. आधी दिव्याचं सांगितलं. ती ओरडली, रडली, मला काय काय बोलली ते लिहीत नाही. खरं होतं सगळं. मग कॉपीचं सांगितलं.

"घ्या, अप्पा! लगेच घ्या. मलाही पाठवा."

"नको म्हणतोय मी."

"का? तो अम्मेचा शेवटचा दिवस आहे!"

"वर्षभर रोज सकाळी उठवतो मी तिला. भोपळे काढायला लावतो. आणि अंधार पडायच्या आत गळा धरतो. तूही धरणार का आता, चेन्नैत बसून?"

"असं काय बोलता हो…"

"ती निजवा म्हणाली. ठेवा म्हणाली नाही."

तंबी पेनड्राइव्ह हातात घेऊन उभा होता. आमची मराठी त्याला कळत नव्हती, पण कळलं. त्यानं तो पिशवीत टाकला.

लेकीनं तिकडं नाक पुसलं. मग म्हणाली, "निजवलीत की फोन करा."

दिवा मी देवापुढं नेऊन ठेवला, जिथं घरातले दिवे असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवलो, भांडी घासली आणि कंप्यूटरपुढं बसलो. तिची वेळ.

बाई दारात. कावळा बसला, उडाला. मी घाई केली नाही. भोपळे एक एक काढले. तिनं लावलेल्या शेवटच्या ओळी. वेली रिकाम्या झाल्या. पाणी घालायची गरज नव्हती, उद्या मरायच्याच होत्या, तरी घातलं. ऊन कललं. आकाश नारिंगी झालं. बाई गोठ्याकडं निघाली, पाय उचलला. माझा हात प्लगकडं गेला, सवयीनं. आतून टक् आलं.

पाय खाली पडला.

रातकिडे ओरडत होते, पण सरळ, तुटत तुटत, रातकिड्यांसारखे. गाईला चारा घातला. चांदण्या आल्या. ह्या वावरातल्या चांदण्या मी कधी बघितल्या नव्हत्या. घरात शिरलो. सकाळी ते घर इतक्यांदा पाहिलं होतं, रात्री पहिल्यांदाच. खाटेशेजारी घरचीनं एक दिवा ठेवला होता, अंधार झाला की आपणहून लागणारा. मला माहीत नव्हतं.

बाई खाटेपाशी गेली. काचेवर विचारलं गेलं, वरचं की खालचं. वरचं म्हणजे निजायचं, एवढं घरचीनं कधी तरी सांगितलेलं. मी हात काढून मांडीवर ठेवला. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. तो दूर जाईपर्यंत बसलो. मग वरचं दाबलं.

काच काळी झाली.

काळीच राहिली. टक्. टक्. मी खुर्चीत हललो नाही. वाटलं आता गेली, डिस्क गेली, तिला घेऊन गेली. नवा पंखा घुमत होता. माझं तोंड काचेत दिसत होतं, आणि त्याच्या वर तसबीर.

मग सकाळ झाली. सगळं पांढरं. वावर, विहीर, गोठ्याचं छप्पर, सगळ्याला भस्म फासल्यासारखं. असं काही आमच्या मुलखात पडत नाही, मी डोळ्यांनी कधी बघितलेलं नाही. वेलींच्या जागी काळे खुंट. कावळा नाही. बाई दारात उभी, तिच्या तोंडातून वाफ येत होती. ती माझी वाट बघत होती. आता काय करायचं ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी तिला हलवलं नाही. लेकीनं शिकवलं होतं तसा कंप्यूटर नीट बंद केला, पहिल्यांदाच. मग फोन लावला.

"निजली," मी म्हटलं.

"आणि मग?"

"थंडी पडली."

"भोपळे?"

"काढले आधी. एकही राहिला नाही."

"बरं," ती म्हणाली. अगदी अम्मेसारखं म्हणाली. मग फोन कुणीच ठेवला नाही.

कप्प्याची जळकी फळी अजून तशीच आहे. लेक आली तेव्हा तिनं त्यात हात घालून बघितलं आणि माझं अंथरूण उचलून सोप्यावर आणून टाकलं. आता तिथंच झोपतो. ती खोली संध्याकाळी बंद करतो. दार ओढताना कधी कधी आतून टक् ऐकू येतं. कंप्यूटर बंद असतो, प्लग काढलेला असतो, म्हणजे पालच असणार. एक उरलीय ना.